लाल फेट्याचा महिना

अकोला, जानेवारी १९५९

तीर्थरूप पुंजाजीमामांच्या पायांवर भाचा जानरावचं डोकं. (त्या डोक्यावर सध्या काय आहे ते पुढे येईलच.) मामींचा गुडघा आता बरा असेल. धामणगावचा गारठा ओसरला की त्यांना इकडे पाठवा.

आमच्या कापसाच्या जिनात मुंबईहून नवे मॅनेजरसाहेब आले आहेत. माणूस वाईट नाही, पण बक्षीस लावल्याशिवाय कोणी मनापासून काम करत नाही अशी त्यांची समजूत आहे. म्हणून ज्याचं यंत्र महिन्यात सगळ्यांत कमी बंद पडेल त्याला दहा रुपये जादा आणि एक लाल फेटा, जो पुढे महिनाभर कामावर बांधायचा. पहिला फेटा माझ्याच डोक्यावर आला. (रुई बसून संध्याकाळपर्यंत तो पांढरा होतो, तरी आई मला अंगणात उभं करून आळीला दाखवते.)

पूर्वी कोणाच्या यंत्राचा पट्टा घसरू लागला की शेजारचा ओरडायचा, आणि दुपारी सगळ्यांच्या भाकरी एकाच फडक्यावर असायच्या. आता दुसऱ्याचं यंत्र बंद पडलं की आपला फेटा जवळ येतो. परवा माझा पट्टा घसरून धूर निघाला. शेजारच्या यंत्रावरचा वली, माझा इतक्या वर्षांचा दोस्त, पाहत होता, पण गप्प. मी धूर थांबवला आणि विचारलं, "काहून नाई सांगितलं बे?" तर म्हणे, "फेटेवाल्याले आमी काय सांगावं?" मामा, हे फार लागलं. पगार वाढावाच, दहा रुपये मला काही जड झालेले नाहीत. पण सगळ्यांचा थोडा थोडा वाढवला असता तर कोणाचं तोंड बंद झालं नसतं. अशाने एखाद्या दिवशी जिन पेटेल आणि जो तो दुसऱ्याकडे बघत बसेल. फेटा परत करायला गेलो, तर साहेब म्हणाले, काय हा विनय! पुढच्या महिन्यातही तुझंच नाव दिसतंय.

आपला,
जानराव

ता. क. खाडा करणाऱ्याचं नाव बक्षिसातून बाद होतं. तेव्हा कृपा करून तुम्ही अत्यवस्थ व्हा आणि तशी तार करा. मामींना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या खरंच रडतील.

आणखी ता. क. पत्र टाकायला आलो तर पेटीपाशी वली! फेट्यासाठी माझ्यामागे त्याचाच नंबर आहे, म्हणून तोही अमरावतीच्या आयशाबीमावशीला आजारी पडायला सांगून राहिला होता. हसता हसता मला रडूच आलं. हे चहाच्या टेबलावर, त्याच्याच पेन्सिलीनं लिहितो आहे. दोन तारा एकाच दिवशी आल्या तर साहेबांना संशय येईल. तरी आधी मावशींना पडू द्या, त्या वयानं मोठ्या आहेत.