काळा प्लग

मंगळवार, संध्याकाळ

मिस्त्रीने मोटरसायकलचा प्लग काढून हातावर ठेवला. कोळशासारखा काळा. पिस्टनवरही तसाच थर आहे म्हणे. त्याने विचारलं, "फवारणीच्या पंपातलं उरलेलं पेट्रोल गाडीत टाकता काय? त्यात ऑइल राह्यते."

मी नाही म्हणालो. का म्हणालो? वाया जाऊ नये म्हणून दर फवारणीनंतर मीच तर टाकत होतो. आणि धाकटा भाऊ गाडी बेदम पळवून खराब करतो, असं म्हणून महिन्याआधी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. तेव्हापासून तो वाशीमला एसटीने जातो.

आता घरी तो काळा प्लग त्याच्यासमोर ठेवला. पेट्रोलचंही सांगितलं.

"मले माहीत होतं, दादा."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू विचारलं कुठं? किल्लीच मांगतली."