वरचा दात

पुसेगावजवळचा तांडा,
डिसेंबर २००४

प्रिय निता,

वारंगा फाट्यावर बालाजीच्या दुकानाशेजारी फोन आहे, हे मला ठाऊक आहे. पण हे चार गिऱ्हाइकांसमोर बोलण्यासारखं नाही, आणि बोलून बोलून मी थकलोही आहे. म्हणून लिहितो.

परवा जवळा बाजारला, भर बाजारात माझं भाषण झालं. विषय नेहमीचाच. मिश्रीनं दात बळकट होत नाहीत, हिरड्या जळतात. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून लेकरांचे सडू द्यायचे नसतात. वरचा दात काढल्यानं कुणाचा डोळा जात नाही, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच हातांनी मिश्रीच्या डब्या उघडल्या. पूर्वी याचा संताप यायचा आणि त्या संतापातून पुढचं भाषण सुचायचं. आता नुसतं घरी जावंसं वाटतं. आणि घरी आपली आई, याडी.

तिचा वरचा दात दिवाळीपासून ठणकत होता. मला कळू दिलं नाही. मी गावोगाव फिरत असताना तिनं भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली. तुला आठवत असेल, परातीत पाणी, मधे तापलेला फाळ, त्यावर तुपात घोळलेल्या बिया, आणि वर तोंड उघडून बसायचं. पाण्यात पांढरे किडे तरंगले की दाताची कीड निघाली. परत आल्यावर कळलं, तेव्हा मी तिच्यासमोर तशीच परात मांडली, बिया टाकल्या आणि कुणालाच तोंड उघडू दिलं नाही. तरी किडे तरंगले, कारण ते बियांच्या पोटातले कोंब असतात. याडीनं परातीत वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "मंग हवेच्या दाताला कीड असंल." तांडा हसला. मीही हसलो. पण तिचा गाल तेव्हाच सुजायला लागला होता.

सूज डोळ्याखाली चढली, ताप आला, तेव्हा तिला उचलूनच हिंगोलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी दाताचा फोटो काढला. मुळाशी पू झाला आहे, गोळ्यांनी तात्पुरतं दबेल, पण दात काढावाच लागेल, नाही तर खरोखर डोळ्यापर्यंत जाईल, असं बजावलं. याडी खुर्चीवरून उतरून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. धर्मसिंगकाकांनी वरची दाढ काढली आणि वर्षाच्या आत त्यांचा डोळा गेला, हा तिचा एकच पुरावा. त्या डोळ्यात मोतीबिंदू आधीच पिकला होता, हे काका स्वतः सांगतात. तर म्हणते, "त्याला एवढं समजतं तर त्यो आंधळा काहून झाला?" मी आवाज चढवला. ती म्हणाली, "जिल्ह्याला शहाणं करून राहिला ना तू? कर. मला सोड." ज्या माणसाच्या भाषणाला चार गावं जमतात, त्याला स्वतःच्या आईचं तोंड उघडता येत नाही.

गोळ्यांनी ठणका उतरला आहे. सोमवारची वेळ घेतली आहे. त्यापुढे थांबायचं नाही, असं बाई म्हणाल्या आहेत.

काल संध्याकाळी ती चुलीशी बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काढते दात. पण आदी नितीला बघू दे. डोळे हायेत तवर." तू बालाजीशी लग्न केलंस त्या दिवशी याच चुलीशी बसून, "जन्मात तिचं तोंड पाहणार न्हाई," असं ती सगळ्या तांड्यासमोर बोलली होती. तेव्हापासून या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. डोळ्याला काही होत नाही, याचं अख्खं भाषण माझ्या ओठावर आलं होतं. मी ते केलं नाही. चुलीत लाकूड सारलं आणि निरोप धाडतो म्हणालो. तेव्हा रविवारी ये, बालाजीलाही घेऊन ये. तिला काही पटवायला जाऊ नकोस, नुसती समोर बस. पण भेटून लगेच परतू नकोस, मुक्कामाच्या तयारीनं ये. सोमवारी दात निघेल. मंगळवारी सकाळी ती उठेल, तेव्हा तू समोर दिसली पाहिजेस.

तुझाच भाऊ,
धनसिंगभिया