शेलूबाजारची आजी

माय, एवढ्या उशिरा लिहितो आहे, रागावू नकोस. चौथीपर्यंतच शिकलो आणि तुला तर वाचताच येत नव्हतं, म्हणून टाळत राहिलो. आपली धाकटी, माझ्या पाठची, सारखं पाणी प्यायची आणि वाळत चालली होती. ताकद यावी म्हणून तू गुळाचं पाणी करायचीस, मी तिला पाजायचो. ती अजून मागायची. पोरीला गोडी लागली म्हणून आपण खूश व्हायचो. ती गेली तरी आपल्याला आजाराचं नाव ठाऊक नव्हतं. तोच साखरेचा आजार आता माझ्या नऊ वर्षांच्या नातीला आहे. आता औषध आहे. पोटावर सुई घेते, शाळेत जाते, भांडते. नीट सांभाळली तर म्हातारी होईल, असं वाशीमचे डॉक्टर म्हणाले. पण तिनं पाण्याचा गडवा उचलला की मला धाकटीच दिसते. किती प्याली ते मी पाहत बसतो. सून म्हणते, "मामाजी, तुमी असे पाहून राह्यले तर पोरगी भेवानंच मरन."

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटत होते. नातीच्या हातात वाटी दिसली आणि मी धावत जाऊन ती हिसकावली. "जहर हाय हे तुयासाठी!" असं सगळ्यांदेखत ओरडलो. ती म्हणाली, "आबाजी, मायनं खिरीच्या हिशोबानं सुई देली मले." मी ऐकलं नाही. थोड्या वेळानं पाहतो तर ती भिंतीला टेकलेली, घामानं फ्रॉक भिजलेला, हात थरथरत होते. सुई घेतलेली आणि पोटात काहीच नाही, अंगातली साखर एकदम उतरली होती. सुनेनं पळत येऊन तिच्या तोंडात साखर घातली, तेव्हा ती सावरली. मी वाटी धरून तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं ताट ढकललं, सुईलाही नाही म्हणाली. "सारं जहरच हाय तं कायले जेवू?" मी जवळ जाऊन बसलो. तिनं विचारलं, "असं अजून कोनाले झालं व्हतं?"

"माया बहिणीले."

"मंग ती कुठी हाय?"

तोंडातून निघून गेलं, "शेलूबाजारले देली हाय. नातवंडं हायेत. लय भांडखोर म्हातारी हाय."

"तुमच्यासंगही भांडते?"

"मले तं चपलेनं मारते."

ती हसली. उठून आईला म्हणाली, "दे सुई." आणि जेवली.

आता रोज विचारते. आजीला दात आहेत का, तिची सुई मोठी की छोटी. सून ऐकते आणि सुई भरत राहते. मी रोज काहीतरी वाढवतो. धाकटी माझ्या तोंडात मोठी होत चालली आहे, माय. काल माझ्या गोष्टीत धाकटीला चष्मा लागला. "दिवाळीच्या सुट्टीत मले तिच्याकडं न्या," नात म्हणते. खरं सांगितलं तर पोरगी पुन्हा ताट ढकलेल. नाही सांगितलं तर तिला कोणाच्या दारात नेऊन उभं करू? हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, एवढं मला कळतं. पण तुला सांगतो, परवा मी एकटाच जीपनं शेलूबाजारला जाऊन आलो. बाजारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्या बायांची तोंडं पाहत होतो. धाकटी तुझ्याजवळ असेल तर तिला विचार, पोरीला काय सांगू. लवकर कळव.