शीट नंबर सत्तेचाळीस

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.५०
जुनं सॉफ्टवेअर ३१ तारखेला बंद. भिंती, टाक्या, पाये यांच्या गणिताची माझी दोनशे बारा शीटं नव्या व्हर्जनमध्ये न्यायची. मॅनेजर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. म्हणाला, कन्व्हर्टर आहे, एक क्लिक करायचं. मी म्हटलं, त्या शीटांमागे तेवीस वर्षांचं डोकं आहे. म्हणाला, म्हणूनच सोबत एक इंजिनियर देतो. जुनं उत्तर आणि नवं उत्तर जुळतंय का बघणं, एवढंच तिचं काम. मी तिचं नाव पडताळणी ठेवलंय. मनातल्या मनात.
मदत लागणार नाही. शुक्रवारी संपवतो.
संकल्प: चिडायचं नाही.

४ मार्च, मंगळवार
चिडलो. कारण होतं. पहिल्याच शीटमध्ये एकसष्ट लाल चौकटी. पडताळणी म्हणाली, सर, यात एच-जुना, एच-नवा आणि एच-खरा असे तीन आकडे आहेत, वापरायचा कुठला? मी म्हटलं, ते अनुभवाने कळतं. मग दुपारभर शोधत बसलो. एच-नवा.

६ मार्च, गुरुवार
चार शीटं झाली. सुरुवात संथच असते. हेल्पलाइनवाल्याने विचारलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केलात का? भिंत उभी कशी राहते इथपासून त्याला समजावायला घेतलं, तर फोन कट. लाइन खराब असणार.
घरी जेवताना ही म्हणाली, तुम्ही ताटाशी भांडताय. भांडत नव्हतो. मुद्दा मांडत होतो.

७ मार्च, शुक्रवार
सहा शीटं. शुक्रवारी संपवतो म्हटलं होतं. कुठल्या शुक्रवारी, ते म्हटलं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार
शीट नंबर सत्तेचाळीस. रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत. माझं सगळ्यात लाडकं शीट, म्हणून क्रम सोडून आधी घेतलं. त्यावर अकरा भिंती बांधल्या गेल्यात. कन्व्हर्टरने त्यालाही पिवळी खूण केली. म्हणे, भिंतीमागच्या पाण्याची उंची दोनदा दिली आहे. पडताळणीने विचारलं, कुठली काढू? मी म्हटलं, खालची ओळ काढा, एवढ्याशासाठी काय विचारायचं. तिने काढली. सेफ्टी फॅक्टर १.६२ होता, तो १.२३ झाला. दीडच्या खाली भिंत पास होत नाही.
सॉफ्टवेअर चुकतंय. मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

१२ मार्च, बुधवार
सॉफ्टवेअर कंपनीला पत्र लिहिलं. सात पानं. तिसऱ्या पानावरच 'बेजबाबदार' चार वेळा आलंय, पण एकही काढवत नाही. पुरावा म्हणून हाताने केलेलं गणित जोडणार. कागद, पेन्सिल. बघू दे त्यांना.
दुपारी ४: हाताने १.२३ आलं.
५.१५: पुन्हा केलं. १.२३. कॅल्क्युलेटर बदलायला झालाय.

१३ मार्च, गुरुवार
काढलेली ती ओळ कुठे होती, ते पडताळणीने जुन्या शीटमध्ये दाखवलं. शीट नीटनेटकं दिसावं म्हणून मी लपवून ठेवलेल्या भागात. 'पाण्याची उंची = ०.' शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. उद्या काढणे.' तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.
मी ओरडलो, लपवलेलं उघडायला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, कुणीच नाही सर. मग हळूच विचारलं, म्हणजे अकराही भिंतींमागे पाणी साठणारच नाही, असं धरलं गेलं का?
मी चहा घ्यायला बाहेर गेलो. पत्र पाठवलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
मॅनेजरच्या केबिनमध्ये दोनदा गेलो, दोन्हीदा एसीची तक्रार करून परत आलो. तिसऱ्यांदा पडताळणी दाराशीच उभी. म्हणाली, सर, तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हटलं, सांगायलाच निघालोय.
सांगितलं. तो एक शब्द वाकडा बोलला नाही. त्याचा जास्त राग आला. म्हणाला, सोमवारी सगळ्यात उंच भिंत बघून या.

१७ मार्च, सोमवार
शाळेच्या मैदानामागची भिंत. पाच मीटर. तिच्या सावलीत मुलं चेंडू खेळत होती. भिंत सरळ, एक भेग नाही. पडताळणीला म्हटलं, बघा, गणित म्हणजेच सगळं नसतं. तिने शाळेच्या माळ्याला पायाशी खणायला सांगितलं. पाया माझ्या ड्रॉइंगपेक्षा पाऊण मीटर रुंद निघाला.
डोकंच फिरलं. माझं ड्रॉइंग काय पुडी बांधायला दिलं होतं? तिथूनच त्या वेळच्या मिस्त्रीला फोन लावला. म्हातारा झालाय. म्हणाला, साहेब, मागे ओल होती, पाया अरुंद वाटला, म्हणून वाढवला. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? म्हणाला, आधीच्या कामावर असंच एक सांगितलं होतं साहेब. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, इंजिनियर तू का मी.
फोन स्पीकरवर होता. पडताळणी शेजारीच उभी होती.

१८ मार्च, मंगळवार
हिला सगळं सांगितलं. म्हणाली, मलाही तुम्हाला काही सांगायचं राहून गेलंय. काय, विचारलं. म्हणाली, चिडाल. नाही चिडत म्हटलं, थोडं चिडूनच. तिला सहा वर्षांपासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करते.

२१ मार्च, शुक्रवार
शीटं पडताळणीच्या ताब्यात दिली. दोनशे बारांपैकी एकशे साठ एकमेकांच्या नकला निघाल्या.
उरलेल्या दहा भिंतींचे मिस्त्री शोधून मी स्वतः फोन केले. आवाज न चढवता. सात जणांनी मला न सांगता पाया वाढवला होता. का सांगितलं नाही, ते मी कुणालाच विचारलं नाही.
तिघांनी माझं ऐकलं होतं. त्या तीन भिंतींखालचे रस्ते आजपासून बंद आहेत.