एका हाताचा कॉम्प्युटर

ताई, नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरी आहे. जेवते, झोपते.

तुम्ही फोनवर म्हणालात, तुमच्या भावाचा कॉम्प्युटर नुसता धूळ खातोय, तर जावईबापू रविवारी येऊन तो पुसून कोरा करतील आणि तुमच्या लेकीसाठी नेतील. माझी हरकत नाही, पण वस्तू कशी आहे ते आधी कळवलेलं बरं.

यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करताना ह्यांचा उजवा हात चहाच्या कपासाठी राखीव असे. म्हणून लिहायच्या प्रोग्रॅममधले सगळे शॉर्टकट त्यांनी डाव्या हाताच्या टप्प्यात कोंबलेत. त्यात बऱ्याच जणांची उचलबांगडी झाली. कंट्रोल-एस ही एरवी सेव्हची, बोटाखालची मोक्याची जागा, ती मिळाली त्यांच्या लाडक्या कामाला: अख्खी ओळ उडवणे. (स्वतःचं लिहिलेलं त्यांना कधी पटलंय?) सेव्हची रवानगी वरच्या रांगेत, एफ-फोरवर.

हे मला कुठे माहीत! कपडे धुण्याच्या मशीनचं त्यांचं अर्धवट पुस्तक पुरं करायला बसले. (त्यांना काम देणाऱ्या कंपनीतल्या मुलीला मी ‘बघते’ म्हणाले, तिने ते ‘हो’ धरलं.) औषधाच्या दुकानात हिशेब करून सवय लागलेली, दर ओळीला सेव्ह. ओळ लिहायची, सेव्ह करायची, ओळ गायब. मला वाटलं डोळे गेले, तपासून आले. चष्मेवाला म्हणतो, “डोळे ठणठणीत आहेत, आजी.” आजी!

शेवटी त्या मुलीनेच उलगडा केला. “काकू, सगळे शॉर्टकट पहिल्यासारखे करून टाका. एका बटणाचं काम.” बटणापर्यंत गेलेही. मग उठले, चहा केला, कप उजव्या हातात धरला आणि डाव्याने सुरुवात केली. कंट्रोल-ई दाबलं तर त्यांनी साठवून ठेवलेलं वाक्य आपोआप उमटलं, ‘मशीन चालू असताना आत हात घालू नये.’ कंट्रोल-डब्ल्यूने बजावलं, ‘कोरड्या फडक्याने पुसावे.’ इतक्या सूचना घरात बऱ्याच दिवसांत कुणी दिल्या नव्हत्या. एकटीच हसले, चहा सांडला, कोरड्या फडक्याने पुसला.

तर असा हा कॉम्प्युटर. लेकीला कशाला ताप?

आपली,
भावजय

ता.क. वर ‘हरकत नाही’ लिहिलंय ते खरं नाही. हरकत आहे.

ता.क. २. जावईबापूंना पाठवाच, जेवायला करून ठेवते. फक्त हात हलवत परत जायचंय, एवढं त्यांना निघण्याआधी तुम्हीच सांगा. मला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही.