लाल रंग चढतो की नाही

४ फेब्रुवारी
पाठीवरची काळी चामखीळ गेली एकदाची! पारनेरच्या डॉक्टरांनी कापून तपासायला नगरला पाठवली. "एवढी सुजली कशानं?" त्यांनी विचारलं. सांगणार काय — आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वरातीच्या घोडीच्या शेपटीचा केस तिला करकचून बांधला होता म्हणून? घोडीवाल्याला चहा पाजून मिळवला तो! "आमच्या येळंला अशाच गळून पडायच्या," आत्याबाई म्हणाल्या. गळली कुठली? नुसती ठणकली.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. नुसतं बघून कळेना — साधी की कॅन्सरची. पेशी पिळवटल्यासारख्या दिसतात म्हणे. घोडीचं सांगून टाकलं. डॉक्टर आधी रागावले, मग हसू दाबत राहिले.

आता तो तुकडा पुण्याला. तिथे त्याच्या पातळ चकत्यांवर मार्कर, म्हणजे पेशींची जात ओळखायची औषधं, लावतात. एक मार्कर असा, की झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीच तेवढ्या रंग धरतात. भरपूर चढला तर वाईट. नेहमीचा रंग तपकिरी. पण माझी चामखीळच काळी-तपकिरी, मग रंग कुठला नि ती कुठली? म्हणून लाल वापरणार. माझ्यासाठी स्पेशल!

१० फेब्रुवारी
हे गोठ्यात जाऊन रडून आले. म्हणे डोळ्यात कुसळ गेलं. दोन्ही डोळ्यांत? मी हसले, मग मलाही रडू फुटलं. माझा ओम अजून दुसरीत आहे. मला मरायचं नाही.

१२ फेब्रुवारी
आत्याबाई जेवत नाहीत. "म्याच केलं समदं." शेवटी मीच ताटावर बसवलं. पिठलं-भाकरी बघून विरघळल्या.

१७ फेब्रुवारी
साधी! साधी! साधी!! लाल ठिपके अगदी तुरळक, बाकीचे मार्करही चांगलेच. चामखीळ नव्हेच, अंगावरच्या तिळाची गाठ. पेशी पिळवटल्या त्या केस आवळल्यानं! ह्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. आत्याबाईंनी घोडीवाल्यालाही पेढा पाठवला. कशाबद्दल, ते त्यांनाच ठाऊक.

१८ फेब्रुवारी
सकाळी आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. पाय पुढे केला. टाचेखाली काळा डाग — रुपयापेक्षा मोठा, कडा वेड्यावाकड्या, मधे चिघळलेला.

"वरीस झालं. भ्या वाटायचं, म्हून बोलले न्हाई. तुजं साधं निगालं, आता कशाचं भ्या? माजं बी बगून घी."

हसून सांगत होत्या. मी ह्यांना गाडी काढायला लावली.