नव्या पाण्याला हळदकुंकू

शेळगाव,
सोमवार, दुपार

प्रिय रतन,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर मी धबधबा हा शब्द काढला की तू कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देतेस. गेल्या आठ दिवसांत तुझ्या कुकरला जेवढ्या शिट्ट्या झाल्या, तेवढ्यात तुमच्या अख्ख्या सोमेश्वरनगरचा वरणभात शिजला असता! कागदाला काही तसं करता येत नाही. आत्ता बाजूला टाकलास तरी संध्याकाळी उचलून वाचशील, लहानपणी माझ्या वह्या चोरून वाचायचीस तशी.

तर मुद्द्याचं. तुझा राजवर्धन मागच्या रविवारी बारामतीहून सकाळच्या एसटीनं माझ्याकडं आला. दोन भाकरी खाल्ल्या. मग हात धुताना म्हणाला, मावशी, मला एकदा ती जागा बघायचीय. वीस वर्षांचा घोडा झालाय गं तो. हुबेहूब संभाजीरावांचा चेहरा घेऊन फिरतोय, आणि बाप गेला ती जागा त्याला कुणी दाखवलेली नाही. तू त्याला म्हणालीस म्हणे, गेलास तर मला आई म्हणू नकोस. बाई गं, असं बोलतात का पोराला? तो तरीही जाईल, रतन. मित्राच्या मोटारसायकलवर बसून, ऐन पावसात, तुला न सांगता जाईल, आणि मग तू आणि मी काय करणार? म्हणून मी त्याला शब्द दिलाय की मी नेते, पण माझ्या पद्धतीनं, आणि तू हो म्हटल्यावरच. माझ्या पायाला हात लावून त्यानं कबूल केलंय. आता फक्त तुझं हो राहिलंय.

तू म्हणशील, अक्काला डोंगरातलं काय कळतं. नव्हतंच कळत. पण चार वर्षं मी आपल्या चारीवरच्या पाणीवाटप संस्थेची अध्यक्ष आहे. पाण्याच्या पाळीवरून कुदळी घेऊन भांडणारे बाप्ये मी बांधावर येऊन उभी राहिले की गप होतात, तर एक सहल मला धड ठरवता येऊ नये? गेल्या बुधवारी आमच्या ह्यांना घेऊन मी स्वतः त्या धबधब्याच्या पायथ्याच्या वाडीला जाऊन आले. हे वाटभर कुरकुरत होते, पण आले. तिथं बानूबाई म्हणून आहेत, साठीच्या, उन्हानं करपलेल्या, काठीसारख्या ताठ. तीस वर्षं त्याच वाटेनं गुरं घेऊन वर जातात. आधी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग हसून म्हणाल्या, तुमी पाटाकडची मान्सं, तुमाला पाणी कवा येणार ते कागदावर लिवून मिळतं, हितं न्हाय मिळत. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या ओसरीत बसून मी तीन तास एकेक गोष्ट विचारून घेतली.

तर ठरलंय ते असं. आता भाद्रपद चाललाय, आत्ता नाव काढायचं नाही. परतीचा पाऊस सरू दे, दिवाळी होऊ दे, मार्गशीर्षात जाऊ. तेव्हा धार बारीक होते पण असते, आणि खडकावरचं शेवाळ वाळलेलं असतं. आदल्या दिवशी भोरला मुक्काम, म्हणजे पहाटे धावपळ नको. उजाडल्यावर वाडीत पोचायचं, बानूबाई पुढं आणि आपण मागं, माणसं पाचच, ना एक जास्त ना एक कमी. वाडीच्या पुढं फोनला रेंज नाही, म्हणून किती जण गेलो आणि किती वाजता परतणार ते पोलीस पाटलांच्या घरी सांगून जायचं. तीनच्या आत खाली. चपला घालून कुणी यायचं नाही, तू तर मुळीच नाही, तुझी ती गुळगुळीत झालेली चप्पल मी ओळखून आहे. पाण्यात उतरायचं नाही, ओढा ओलांडायचा नाही, धबधबा अलीकडच्या खडकावरून बघायचा, तिथून पुरता दिसतो. दोर आणि शिट्टी बानूबाईंकडं असेल. पश्चिमेला बोटभर ढग दिसला तरी वाडीतूनच माघारी फिरायचं, मग राजवर्धन रुसला तरी चालेल. आणि पाणी जरा गढूळ दिसलं, पानंकाटक्या वाहून येताना दिसल्या, की मागं वळूनसुद्धा न बघता चढावर पळायचं. डोंगरात वर कुठंतरी पाऊस कोसळत असतो आणि इथं आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असतं. हे बानूबाईंनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, कारण मी रडत होते.

रतन, आता जे लिहितेय ते बसून वाच. पाटाचं आवर्तन सुटलं की आई आपल्याला चारीवर न्यायची, आठवतं? कोरड्या चारीत पहिलं पाणी तांबडं, काडीकचरा ढकलत यायचं आणि आई म्हणायची, आलं गं बाई नवं पाणी! त्याला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, मग आपण त्यात पाय बुडवायचे. गढूळ पाणी दिसलं की आनंद व्हायचा, दुसरं काही मनात यायचंच नाही. आपण सगळे धबधब्याला जाणार होतो त्या दिवशी राजवर्धनला ताप म्हणून तू घरीच राहिलीस. बाकीची माणसं वर झाडाखाली जेवायला बसली होती. खाली ओढ्यात मी मधल्या खडकावर होते आणि संभाजीराव काठावर. तेवढ्यात पाणी तांबडं झालं, पानं वाहत आली. आणि मी मूर्ख बाई खूश झाले! वाटलं, नवं पाणी आलं. पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि वाकले. संभाजीराव ओरडत होते, अक्का, माघारी फिरा. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं. करंड्याचं झाकण लावेस्तोवर पाणी माझ्या गुडघ्यावर आलं होतं. ते उडी टाकून आले, मला दंडाला धरून ओढत काठापर्यंत आणलं, वर ढकललं. मी हात द्यायला वळले तर तिथं माणूसच नव्हता.

वरून सगळे धावत आले तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, पाय घसरला. कुणाचा, कशानं, ते मी बोलले नाही. फोटो काढायला गेले असतील, पोहायची खुमखुमी आली असेल, असं लोकांनी आपापलं जोडलं आणि मी जोडू दिलं. आधी भीतीनं गप्प राहिले, मग तुझ्या कपाळाकडं बघून, आणि मग इतकी वर्षं गेली की तोंड कुठून उघडावं तेच कळेना. माझ्या कुंकवापायी तुझं कुंकू गेलं, हे मी अठरा वर्षं गिळत आलेय. दर वर्षश्राद्धाला तू त्यांच्या फोटोपुढं नैवेद्याचं ताट आपटतेस, दोन वर्षांचं लेकरू घरात असताना ह्यांना मस्ती सुचली म्हणतेस, आणि मी शेजारी बसून पानं वाढते.

परवानगीच मागायची असती तर मी सरळ गाडी करून तुझ्या दारात आले असते आणि हो म्हणेस्तोवर उठले नसते. हे लिहिलं, कारण राजवर्धनला त्या खडकापाशी उभं करून खरं काय ते मी सांगणार आहे आणि त्याच्या आधी ते तुला कळायला हवं. माझं तोंड बघायचं नसेल तर मी येत नाही. बानूबाईंचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, भोरचा मुक्काम, गाडी, सगळं तुमच्या दोघांच्या नावानं ठरलेलं आहे, तुम्हाला कशाचीही अडचण पडणार नाही. पण पोराला एकट्याला धाडू नकोस, तू जा. तुझ्या नवऱ्याला मस्ती सुचली नव्हती, रतन. ते तुझ्या बहिणीला आणायला गेले होते आणि त्यांनी तिला आणली. अठरा वर्षं तू त्यांच्याशी भांडलीस. आता एकदा तिथं जाऊन पोटभर रडून ये.

तुला नकोशी झाले तरी तुझीच,
कौसाअक्का